आर्डमोरची मराठी फेरी : कामाच्या नोंदी

17 फेब्रुवारी

आयर्लंडमधल्या कॉर्कच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांत भारतातून पाहुणे आले की त्यांना कुठे न्यायचं, याची यादी पाठ असते. ब्लार्नी, कोव्ह, किलार्नी, हाताशी सुट्टी असेल तर क्लिफ्स ऑफ मोहर. वॉटरफर्ड काउंटीतलं आर्डमोर या यादीत तळाला. एन 25 महामार्गाने यॉल ओलांडायचं, पुढे उजवीकडे समुद्राच्या दिशेला वळायचं, तासाभरात गाव. मनोऱ्यापाशी फोटो, किनाऱ्यावर आइस्क्रीम, आणि चहाला परत घरी. बाराव्या शतकातल्या इमारती जिथे उघड्यावर उभ्या आहेत, ते गाव आपले लोक चाळीस मिनिटांत उरकतात. मला हे कधीचं खुपतंय.

म्हणून काम असं ठरवलंय : फोनवर ऐकत ऐकत चालायची मराठी फेरी. दहा थांबे, प्रत्येक थांब्याची वेगळी ध्वनिफीत, फुकट. मजकूर मी आणि वहिनी लिहिणार, माइक आणि संकलन आमच्या मित्राकडे (त्याच्या गॅरेजमध्ये घोंगड्या टांगून केलेला स्टुडिओ आहे). आवाज कुणाचा, ते नंतर बघू.

एक गोष्ट आधीच ठरवून टाकली. मनोरा, कॅथेड्रल आणि त्यांच्या आवारातलं सगळं राष्ट्रीय स्मारक आहे. तिथे क्यूआर कोडचे स्टिकर वगैरे काहीही डकवायचं नाही. दुवा आधीच घरी उतरवून घ्यायचा.

25 फेब्रुवारी

मनोऱ्यापासून सुरुवात. उंची साधारण 29 मीटर, वर शंकूसारखं दगडी टोपण. आयर्लंडमध्ये असे गोल मनोरे साठाहून जास्त शिल्लक आहेत, पण आर्डमोरचा लगेच ओळखू येतो, कारण त्याच्या अंगावर बाहेरून तीन दगडी पट्टे आहेत आणि प्रत्येक पट्ट्यापाशी मनोरा किंचित आत घेतलेला आहे. चार टप्प्यांत निमुळता होत गेलेला. दगड इतके नेमके घडवलेत की सांध्यात नख घालायला जागा शोधावी लागते. आतल्या भिंतीतून बाहेर आलेल्या काही दगडांवर चेहरे कोरलेले आहेत. ते आपल्याला दिसत नाहीत, कारण दार जमिनीपासून सुमारे चार मीटर वर आहे.

या दाराबद्दल प्रत्येक जण तेच ऐकून आलेला असतो : व्हायकिंग आले की भिक्षू शिडीने वर चढायचे आणि शिडी ओढून घ्यायचे. ऐकायला झकास आहे. पण हा मनोरा बाराव्या शतकातला. व्हायकिंग तोवर वॉटरफर्डसारखी शहरं वसवून, बाप्तिस्मा घेऊन, व्यापारात रमलेले होते. खरं कारण बांधकामातलं आहे. या मनोऱ्यांचा पाया फार उथळ असतो. बुडाशी मोठं भोक पाडलं तर सगळा डोलारा कमकुवत होतो, म्हणून दार वर. आयरिश भाषेत या इमारतीला घंटाघरच म्हणतात. वर चढून घंटा वाजवायची, शेतात असलेल्यांना कळायचं.

मजकुरात व्हायकिंग ठेवलेत, कारण ते काढले तर ऐकणाऱ्याला वाटेल आम्हाला ठाऊकच नाहीत. आधी ती गोष्ट, मग पाया.

10 मार्च

आज डेक्लनचं छोटं प्रार्थनागृह. आवाराच्या पूर्वेकडच्या अंगाला, चार-पाच माणसं आत गेली की भरलं. लोक याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मनोरा मान वर करायला लावतो, हे वाकायला लावतं.

माझ्या मते गावातली सगळ्यात बोलकी जागा हीच. संत डेक्लन म्हणजे या भागातल्या देशी नावाच्या जमातीचा संत. परंपरेप्रमाणे पाचव्या शतकातला, आयर्लंडचा मुख्य संत सेंट पॅट्रिक याच्याही आधी इथे ख्रिस्ती धर्म आणणारा. ही इमारत त्याची समाधी मानतात. आत जमिनीत एक दगडी खड्डा आहे, रिकामा. रिकामा का, तर पिढ्यानपिढ्या भाविकांनी तिथली माती चिमूट चिमूट करत घरी नेली. रोगराईपासून राखण व्हावी म्हणून.

भिंती जुन्या, छप्पर मात्र त्या मानाने अलीकडचं. 1716 मध्ये बिशप मिल्स यांनी ते नव्याने घातलं. मिल्स प्रॉटेस्टंट, समाधीवर येणारे भाविक कॅथलिक. आयर्लंडचा त्या काळचा इतिहास थोडा जरी ठाऊक असेल, तरी या छपराकडे दोनदा बघावंसं वाटेल.

आणि भिंतीत काय होतं? ओगम या जुन्या आयरिश लिपीतला एक दगड. दगडाच्या कडेवर आडव्या-तिरप्या रेघा, एक ते पाचच्या गटांत, बहुधा खालून वर वाचायच्या. नाव कोरून उभे केलेले दगड असतात हे. अमुकाचा, अमुकाच्या मुलाचा. यावरचं नाव लुगुदेक्कास असं वाचतात. म्हणजे ज्याची आठवण राहावी म्हणून कुणीतरी दगड उभा केला, तो पुढच्यांनी निवांतपणे बांधकामाचा चिरा म्हणून वापरला. त्यांना तो वाचता येत होता की नव्हता, कुणास ठाऊक. आता तो कॅथेड्रलमध्ये ठेवलाय, शेजारी आणखी एक ओगम दगड आहे.

समाधीची माती लोकांनी नेली, स्मारकशिळेचा चिरा झाला, छप्पर दुसऱ्या पंथाच्या माणसाने घातलं. इथल्या वस्तू टिकल्या त्या जपून ठेवल्यामुळे नव्हे, सतत कुणाच्या ना कुणाच्या हाताखाली राहिल्यामुळे. फेरीचा धागा हाच धरावा असं मनात आहे. वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "धागा वगैरे ठीक आहे भाऊजी, पण लोकांना आधी हे सांगा की गाडी कुठे लावायची."

बरोबर आहे. थांबा शून्य : पार्किंग.

18 मार्च

सेंट पॅट्रिक्स डे रविवारी आला, म्हणून आज सोमवारची सुट्टी. योगायोगाने तारीखही नेमकी तीच. 18 मार्च 1911, टीझर नावाचं शिडाचं जहाज कोळसा घेऊन चाललेलं, वादळात आर्डमोरच्या उपसागरात खडकांवर लागलं. वर तिघं खलाशी. तटरक्षकांनी रॉकेटने दोर फेकले आणि ते जहाजावर पोचलेसुद्धा, पण गारठलेल्या हातांत दोर धरायचं बळ उरलं नव्हतं. तेव्हा गावातले तरुण धर्मगुरू फादर जॉन ओशे पुढे झाले. पोहत जायचा प्रयत्न झाला, मग लहान होडी मिळवली, गावातले शेतकरी, पोलीस, तटरक्षक मिळून त्या लाटांत जहाजापर्यंत गेले. तिघांपैकी कोणीही वाचलं नाही. आरएनएलआय या जीवरक्षक नौकांच्या संस्थेने फादर ओशेंना सुवर्णपदक दिलं. बरोबरच्यांनाही पदकं मिळाली.

पुळणीच्या पूर्वेच्या टोकाला, करा (Curragh) या भागाकडे तोंड करून हा थांबा ऐकायचा. आज वारा पडलेला होता, समुद्र गुळगुळीत. अशा दिवशी ही गोष्ट खोटी वाटते. मजकुरात लाटांची वर्णनं घातली होती, ती सगळी काढून टाकली. जहाज किनाऱ्यापासून किती जवळ होतं, एवढंच ठेवलं. लोक तिथे उभे राहून बघू शकत होते, आणि तरीही.

याच थांब्यात फोलिया घालायचं का? 11 मार्च 1917, पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुडीने रॅम हेड या इथल्या भूशिरापासून चारेक मैलांवर बुडवलेली आगबोट. नको. एका थांब्याला एक जहाज पुरे. ती टेहळणी चौकीपाशी घेऊ.

9 एप्रिल

आज पाडवा, काल अमावास्या, म्हणजे मोठं उधाण. रजा टाकून आलो. सकाळी घरी गुढी, दुपारी बाराच्या आत आर्डमोरची पुळण. दक्षिण किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत ओहोटीचा तळ दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास येतो. भरती-ओहोटीत साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो, तेव्हा एरवी न दिसणारं बरंच काही उघडं पडतं.

मला बघायचं होतं ते पीट. वाळूच्या खाली कुजलेल्या वनस्पतींचा काळा, दबलेला थर आहे आणि त्यात झाडांचे बुंधे, मुळं. हजारो वर्षांपूर्वी इथे वन होतं. हिमयुगानंतर समुद्राची पातळी चढत गेली आणि ते पाण्याखाली गेलं. वाळू कधी त्याच्यावर बसते, कधी वादळात वाहून जाते, त्यामुळे ते दिसेलच अशी खात्री नाही. शनिवारी कॅथलीन वादळ येऊन गेलेलं, वारा अजून होताच. पाण्याच्या कडेला थोडा भाग उघडा सापडला. वाकून हात लावला. दाबलं तर बोट थोडं रुततं, आणि आत लाकडाचा तंतू उभा-आडवा ओळखू येतो. तपकिरी फांदीचा तुकडा तसाच राहू दिला. तो उचलला तर हवेत वाळून त्याचा चुरा होतो, आणि उचलायचा नसतोच.

आता याच्या शेजारी डेक्लनची गोष्ट ठेवा. संतचरित्रात येतं की डेक्लन इथे आला तेव्हा ही टेकडी बेट होती. त्याने काठी मारली, समुद्र मागे सरला आणि जमीन वर आली. कथेत समुद्र हटतो, पुळणीखालचा थर सांगतो की समुद्र चालून आला. दोन्ही गोष्टी एकाच किनाऱ्यावरच्या. माझा अंदाज असा की ओहोटीला बुंधे बघणाऱ्या कुणालाही वाटणारच, इथे जमीन आणि पाण्याचं काहीतरी भांडण झालेलं आहे. कोण जिंकलं, हे ज्याने त्याने आपल्या सोयीने सांगितलं.

तिथून चालत पुळणीच्या दुसऱ्या टोकाला, डेक्लनच्या दगडाकडे. दोन खडकांवर टेकलेली मोठी शिळा, खाली पोकळी. हिमनदीने आणून टाकलेला दगड आहे. परंपरा म्हणते, डेक्लन वेल्सहून परतताना त्याची घंटा एका शिळेवर विसरली. ती शिळा घंटेसकट समुद्रावर तरंगत जहाजाच्या पुढे पुढे आली, आणि ती जिथे लागेल तिथे आपलं ठाणं, असं संताने ठरवलं. गंमत म्हणजे ही शिळा दुसरीकडून आली, हे गोष्ट आणि भूगर्भशास्त्र दोघांनाही मान्य आहे. फक्त वाहन वेगळं.

पाठदुखी जावी म्हणून लोक या शिळेखालून सरपटत जात. अट अशी सांगतात की अंगावर चोरीचे कपडे असतील किंवा मनात पाप असेल तर गुण येत नाही. पोकळी बघता, पाठ दुखत नसेल त्याचीही दुखायला लागेल. फेरीत सूचना : बघा, वाका, खाली शिरू नका. भरती चढताना पाणी इथे भराभर येतं.

21 एप्रिल

वहिनींशी दोन तास वाद. विषय 1642.

त्या साली, युद्धाच्या धामधुमीत, आयरिश लोकांनी आर्डमोरच्या किल्ल्यात आणि या गोल मनोऱ्यात आसरा घेतला होता. इंग्रज फौजेने वेढा घातला. आतले लोक शरण आले. त्यातल्या 117 पुरुषांना फाशी दिलं. किल्ला आता उभा नाही, मनोरा आहे.

"भाऊजी, गाडीत मागे बसून पोरं ऐकणार आहेत."

"पोरं शाळेत क्रॉमवेलबद्दल शिकतातच की."

"शाळेत शिकतात, सुट्टीत आइस्क्रीम खातात. तुम्हाला दोन्ही एकदम करायचंय."

माझं म्हणणं असं की मनोऱ्याच्या थांब्यात घंटा, पाया आणि घडीव दगड सांगायचे आणि हे गाळायचं, तर आपण मनोऱ्याला पोस्टकार्ड करून टाकतो. शेवटी ठरलं की मजकूर ठेवायचा, पण वेगळी फीत करायची, आधी स्पष्ट सांगून. ज्याला ऐकायची त्याने ऐकावी. तडजोड मला फारशी पटलेली नाही, पण फेरी दोघांची आहे.

मजकूर एकूण फार लांबलाय, हेही आजच लक्षात आलं. मोठ्याने वाचला तर दहा थांब्यांचे पाऊण तास. वाऱ्यात उभं राहून एवढं कोणी ऐकत नाही. प्रत्येक थांबा तीन मिनिटांच्या आत आणायचा.

6 मे

बँक हॉलिडे, आणि चक्क ऊन. कॅथेड्रलची पश्चिम भिंत बघायला याहून चांगला दिवस नाही.

कॅथेड्रलला छप्पर नाही, भिंती आहेत. पश्चिमेच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला कोरीव पट आहेत : वर तेरा लहान कमानींची रांग, खाली दोन मोठ्या कमानी. त्यांच्यात ॲडम आणि ईव्ह, मधे झाड आणि त्याला वेटाळलेला साप. सॉलोमनचा न्याय. बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी. वरच्या रांगेत तराजूत आत्मे तोलण्याचा प्रसंग. आठशे वर्षांचा खारा वारा खाऊन चेहरे पुसट झालेत. अभ्यासकांच्या मते हे पट मुळात दुसरीकडे बसवलेले होते आणि नंतर इथे आणून लावले. पुन्हा तेच : जुनं काढा, नव्यात बसवा.

कामाची गोष्ट उजेडाची. भिंत पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळभर ती सावलीत. इथे उन्हाळ्यात घड्याळाचे दीड वाजतात तेव्हा सूर्य खरा माथ्यावर येतो. त्यानंतर दोन-अडीचच्या सुमारास ऊन भिंतीला घासत येतं. तेवढ्या वेळात साप दिसतो, ईव्हचा हात दिसतो, सॉलोमनच्या दरबारातली माणसं वेगवेगळी मोजता येतात. संध्याकाळचं सुंदर सोनेरी ऊन, ज्याच्यासाठी लोक थांबून राहतात, ते समोरून येतं आणि सगळं सपाट करतं. आज दोन वाजता आणि सात वाजता एकाच जागेवरून फोटो काढले. दोन्ही शेजारी ठेवले तर वेगळ्या भिंती वाटतात. फेरीच्या पहिल्याच वाक्यात वेळ सांगायची : दुपारी दोन ते तीन.

बांधकामाच्या तारखेबद्दल एक छान धागा आहे. 1203 साली इथले धर्मप्रमुख वारले, त्यांची नोंद आयरिश बखरींत आहे आणि तिच्यात म्हटलंय की आर्डमोरचं चर्च बांधून पुरं केल्यावर ते गेले. बाराव्या शतकात आयर्लंडमध्ये बिशपांच्या हद्दी नव्याने आखल्या जात होत्या आणि आर्डमोरला स्वतःचं बिशपपद हवं होतं. त्याच सुमाराला डेक्लनचं लॅटिन चरित्र लिहिलं गेलं, ज्यात तो पॅट्रिकच्या आधीचा ठरतो. त्याच सुमाराला मनोरा, त्याच सुमाराला कॅथेड्रल. हे सगळं एका अर्जाला जोडलेले कागद आहेत. अर्ज थोडे दिवस मंजूर झाला, पुढे आर्डमोर लिस्मोरच्या बिशपच्या हद्दीत विरून गेलं. कागद राहिले.

2 जून

आवाज सापडला. वहिनींच्या सासूबाई इचलकरंजीहून तीन महिन्यांसाठी आल्यात. काकूंनी मजकूर हातात घेतला, चष्मा लावला आणि पहिल्याच परिच्छेदात थांबल्या. "हे असं कोण बोलतं? 'सदर वास्तू' म्हणे!" तो शब्द वहिनींचा होता, पण मी काही बोललो नाही.

गॅरेजमध्ये चार थांबे ध्वनिमुद्रित. काकू वाचत नाहीत, सांगतात. मधे एकदा रेफ्रिजरेटरचा आवाज आला, तो भाग पुन्हा.

16 जून

कड्यावरची वाट. क्लिफ हाउस हॉटेलच्या पुढून सुरू होते, फिरून गावात परत, साधारण चार किलोमीटर. काकू बरोबर होत्या, त्यांच्या चालीने गेलो, त्यामुळे नीट बघून झालं.

सुरुवातीलाच डेक्लनची विहीर आणि तिच्याजवळ पडकं चर्च. म्हातारपणी संत गर्दीपासून दूर इथे येऊन राहिला, असं मानतात. विहिरीच्या दगडावर आणि चर्चच्या भिंतीवर क्रूस आहेत. कोरलेले नव्हेत, घासलेले. भाविक फेरी पुरी केली की खालचा खडा उचलतो आणि आधीच्या क्रूसाच्या रेघेतूनच तो फिरवतो. एक उभी, एक आडवी. शेकडो हातांनी ती खाच बोटभर खोल झाली आहे, आतला दगड बाहेरच्यापेक्षा फिकट. खडा तिथेच परत ठेवतात, पुढच्यासाठी. काकूंनी विचारलं, "फेरी कुठल्या बाजूने?" सूर्याच्या दिशेने, उजवा हात विहिरीकडे ठेवून. "मग प्रदक्षिणाच की रे. आम्हाला काय शिकवतोस!" हे वाक्य तसंच फितीत घेतलंय. वारा जरा जास्त आलाय, पण राहू दे.

पुढे खडकांत सॅमसन. तरंगती क्रेन, लिव्हरपूलहून माल्टाला ओढून नेत होते. डिसेंबर 1987 मध्ये वादळात दोर तुटला आणि ती रॅम हेडखाली येऊन आदळली. वरच्या माणसांना हेलिकॉप्टरने उचललं. क्रेन तिथेच राहिली. गंजून लाल झालेला सांगाडा, वर पाणकावळे. कड्यावरून येणारे निम्मे लोक मनोऱ्यापेक्षा हिचे फोटो जास्त काढतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. चाळीस वर्षांत भंगाराचा वारसा झाला. मनोऱ्याला कदाचित जास्त वेळ लागला असेल.

टेहळणीच्या दोन इमारती शेवटी. एक नेपोलियनच्या भीतीच्या काळातली, दुसरी दुसऱ्या महायुद्धातली लहानशी काँक्रीटची खोली. आयर्लंड तेव्हा तटस्थ होता, पण समुद्रावर कोण येतंय-जातंय हे बघायला किनाऱ्यावर 83 चौक्या उभारल्या होत्या. खिडक्या तीन बाजूंनी समुद्राकडे. फोलियाची गोष्ट इथे बसली.

24 जुलै

डेक्लनचा दिवस. गावात याला पॅटर्न म्हणतात, पेट्रन म्हणजे आश्रयदाता संत, त्यावरून. एकोणिसाव्या शतकात इथे हजारो लोक लोटायचे. विहिरीवर फेऱ्या, शिळेखाली सरपटणं, आणि बाजूला दारूचे तंबू. ती दारू आणि ते सरपटणं, दोन्ही धर्मगुरूंना खटकायचं. आज गर्दी बेताची, पण विहिरीवर माणसं येत होती. माइक पिशवीतच ठेवला. प्रार्थना करणाऱ्यांचं ध्वनिमुद्रण करायचं नाही, हे काकूंनी गाडीतच बजावलं होतं.

कुणी कुणी पाठीवर मोठ्या पिशव्या घेऊन निघाले होते. इथून कॅशेलपर्यंत 115 किलोमीटरची सेंट डेक्लन्स वे नावाची जुनी यात्रेची वाट 2021 मध्ये पुन्हा आखून खुली केली आहे. आमच्या फेरीत तिचा उल्लेख फक्त दोन वाक्यांत.

11 ऑगस्ट

पहिल्यांदा दोन कुटुंबांनी फेरी वापरून पाहिली, आम्ही मागे मागे. काकू गेल्या आठवड्यात परत गेल्या, त्यांच्या आवाजावर सगळे खूश. निरीक्षणं :

मुलं मनोऱ्याच्या थांब्यात अर्ध्या मिनिटात पांगली. "पट्टे मोजा" म्हटल्यावर परत आली. म्हणजे प्रत्येक फितीत डोळ्यांना किंवा हाताला काहीतरी काम द्यायला हवं, तेही आधी. ओगमच्या थांब्यात "कडेवरच्या रेघा मोजा", पश्चिम भिंतीत "साप शोधा", विहिरीवर "क्रूस किती". तारखा नंतर.

कबरींवरून पोरं उड्या मारत होती. आवारात आजही दफन होतं, ताजी फुलं असतात. ही सूचना थांबा शून्यमध्येच हवी, पार्किंगच्या लगेच मागे.

1642 ची वेगळी फीत सगळ्यांनी ऐकली. मुलांनी सर्वांत आधी.

1 सप्टेंबर

गणपतीच्या गडबडीत आता पंधरा दिवस काही होणार नाही, म्हणून राहिलेली कामं लिहून ठेवतो. फिती छोट्या करून झाल्या, सगळ्यात लांब पश्चिम भिंतीची, दोन मिनिटं पन्नास सेकंद. आयरिश नावांचे उच्चार एकदा रिंगकडच्या, घरी आयरिश बोलणाऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्यायचेत. ते गाव फार लांब नाही. काकूंच्या उच्चारात देशी आणि आर्डमोर फर्मास आलंय, बाकी नावांबद्दल मित्र साशंक आहे.

पुळणीच्या थांब्याला मागे खऱ्या पाण्याचा आणि वाळूवर चालण्याचा आवाज हवाय, एप्रिलमधला वाऱ्याने खाल्ला. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, 18 तारखेला पौर्णिमा, म्हणजे तिच्यानंतर दोन दिवसांनी, 20 तारखेच्या शुक्रवारी दुपारी पुन्हा खोल ओहोटी. रजा टाकली आहे. गमबूट वहिनींकडे राहिलेत, ते आरतीला गेलो की मागून आणायचे.